घोड्याचा पैसा

दिग्रसला आमच्या घरी कोणी आलं की जनाआत्या पाणी द्यायच्याही आधी त्याच्याकडची चिल्लर मागायची. प्रत्येक नाणं उलटून बघायची आणि परत करायची. "भिऊ नोको, ठेवत नाही. घोडा पाहून राह्यली," म्हणायची. आत्या निवांत बसलेली मला आठवतच नाही. तिच्याविषयी नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही.

घोडा म्हणजे नाण्यांवरून इंग्रज राजाचं डोकं गेल्यावर निघालेला तांबूस पैसा. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला धावता घोडा. आत्याची एकुलती मुलगी सुमी त्याच्याशी खेळायची. ती तापाने गेली तेव्हा तो तिच्या मुठीत होता. आत्याने तो पदराच्या गाठीत बांधला.

पुढे छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. बाबांनी घरातले देवांचे टाक नदीत सोडले आणि थोरल्या बहिणीच्या पदराकडे बोट दाखवलं.

"बाई, तो खंडोबाचा घोडा. तोही सोड."

"खंडोबा कुठं हाये त्याच्यावर? तो कवाच उतरून गेला. घोड्यानं काय केलं तुहं?"

"शपथ घेतली ना आपण?"

शपथ आत्यानेही मनापासून घेतली होती. तीच तिला बसू देईना. रोज नदीवर जायची, तशीच परत यायची. एक दिवस नदीवरून परत आली तेव्हा पदराची गाठ सुटलेली दिसली.

यवतमाळला कॉलेजात गेल्यावर एका पुस्तकात मला सारनाथच्या अशोकस्तंभाचं चित्र दिसलं. वर सिंह आणि त्यांच्या पायांखालच्या पट्टीवर तोच घोडा! बुद्धांनी पहिला उपदेश दिला तिथला स्तंभ. पैशाच्या दोन्ही बाजू त्यावरूनच घेतलेल्या. सुट्टीत घरी येऊन मी हे उत्साहाने सांगितलं. बाबा खाली बघत राहिले.

"म्हंजे आपल्याच घरचा होता तो?" आत्या म्हणाली आणि उठली. त्या दिवसापासून चिल्लर बघणं सुरू झालं. तोवर नवे पैसे आले होते. घोडा बाजारातून दिसेनासा होत होता.

यंदा यवतमाळच्या एका भंगारवाल्याकडे मला तो मिळाला. मी आत्याच्या हातावर ठेवला. तिने अंगठ्याने बराच वेळ चोळला. बाबा लगबगीने जवळ आले.

"हाच ना, बाई?"

"घोडा तोच हाये, सीताराम. माह्या पोरीच्या हातचा नाही." तिने पैसा बाबांच्या तळव्यावर ठेवून त्यांची मूठ मिटली. "हा तू ठेव. तुले लागन."