फ्रान्सहून आलेल्या व्हॅनिलाच्या शेंगा
व्हॅनिलाचा वास आला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ऐंशीच्या दशकात बॉथेल या अमेरिकी गावात माझ्या पत्नीने आइस्क्रीमचे छोटे दुकान काढायचे ठरवले आणि फ्रान्समधल्या एका व्यापाऱ्याकडून लेखी करार करून व्हॅनिलाच्या शेंगा मागवल्या. भाव ऐकून मी हबकलो होतो. पण ज्या शेंगांवर पांढरे स्फटिक धरतात तोच अव्वल माल, असे त्याने फोनवर बजावले होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी डबा उघडला. काळ्याभोर शेंगांवर स्फटिक चमकत होते, स्वयंपाकघर गोड वासाने भरून गेले. आणलेला मसाला पुसून घेतल्याशिवाय वापरायचा नाही, ही पत्नीची माहेरची शिस्त. "अहो, हे बघितलंत का?" ती किंचाळली. पांढरी पूड ओल्या फडक्यावर उतरली होती आणि प्रत्येक शेंग लांबीभर चिरलेली होती. आतला गर आधीच काढून घेतलेला, चीर चिकटवलेली, वरून कारखान्यातली पूड भुरभुरलेली! मी तत्काळ फ्रान्सला फोन लावला. "करारात शेंगांची लांबी आणि वरचे स्फटिक लिहिले आहेत," व्यापारी शांतपणे म्हणाला, "आतले काही लिहिले आहे का?" मी करार पुन्हा वाचला. लिहिलेले नव्हते. मी फोन खाली ठेवला. "आता नुसते उभे राहू नका, वेलदोडे सोला," पत्नी म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुकान वेलचीच्या आइस्क्रीमवर उघडले आणि चाललेही. झाले ते बरेच झाले, असे मुले म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. फसवणूक ती फसवणूकच, आणि तिचा लेखी खुलासा मी त्या व्यापाऱ्याकडे आजही मागतो आहे.