कासवाचं मूळ गाव

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका चौकस माणूस अख्ख्या हैदराबादेत दुसरा नसेल, आणि नाही तेच बरं, कारण असे दोन झाले तर या शहरात कुणाचंच काम वेळेवर व्हायचं नाही. 'मूळचे कुठले?' हा प्रश्न इथली मराठी माणसं एकमेकांना नमस्काराआधीच विचारतात, पण उत्तर मिळालं की चहाकडे वळतात. मामा वळत नाहीत. मला बघायला आले तेव्हा माझे वडील म्हणाले, "आम्ही नांदेडचे." "नांदेडच्या आधी?" "कंधार." "आणि कंधारच्या आधी?" असं करत करत मामांनी माझ्या वडिलांना पार गोदावरीच्या पलीकडे नेऊन सोडलं, पोहे गार झाले आणि मुलीला स्वयंपाक येतो का, हे विचारायचं राहूनच गेलं. लग्न जमलं ते त्यामुळेच, असं माझी आई अजूनही म्हणते. गौलीगुड्याच्या बाजारात भेंडी घेतानासुद्धा त्यांना ती कुठल्या गावची, कुठल्या शेतातली, विहिरीच्या पाण्यावरची की कालव्याच्या, हे सगळं हवं असतं. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "क्या साब, भेंडी लेरे की रिश्ता देखरे?" मामा पोटभर हसले, आणि तरीही शेताचा पत्ता घेतल्याशिवाय हलले नाहीत.

अशा माणसाला देवाने नोकरीही शोभेलशीच दिली. मामा राहतात नल्लकुंट्यात आणि शहरातल्या एका प्रयोगशाळेत अभ्यास करतात तो समुद्री कासवांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूचा. हैदराबादेत समुद्र नाही, ही बातमी प्रत्येक पाहुणा त्यांना नव्याने देतो. "कासव राहू द्या तिकडे, त्याचा आजार माझ्या फ्रीजमध्ये आहे," असं म्हणून मामा जे सुरू होतात ते ताक येईपर्यंत थांबत नाहीत. विषाणू एकच, पण दर किनाऱ्याला थोडा निराळा. "तुझी मराठी आणि आपल्या गौलीगुड्याच्या आत्याची मराठी एकच ना?" त्यांनी मला समजावलं होतं. "पण आत्याच्या तोंडून एक हैदराबादी 'हौ' आणि एक 'कायकू' निघाला, की ती कुठे वाढली ते कळतं. तसंच हे. मला गाठीचा तुकडा द्या, कासवाला आजार कुठल्या पाण्यात लागला ते सांगतो." या गाठी फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसतात, हेही त्यांनी सांगितलं, आणि नेमकं पाहुण्यांच्या ताटात फ्लॉवरची भाजी असताना. तेव्हापासून घरात कुणी जेवायला असलं की मामी फ्लॉवर आणत नाहीत.

गेल्या वर्षी शेजारच्या राज्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात एक कासवीण सापडली. दोन्ही डोळ्यांवर गाठी, दिसत काही नाही, त्यामुळे पोटातही काही नाही. तिथल्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी गाठी काढल्या आणि एक तुकडा मामांकडे पाठवला. तोवर मामांनी आयुष्यभर कासवं पाहिली ती नळीत, तुकड्यांनी. या वेळी का कोण जाणे, ते काचीगुड्याहून गाडीत बसले आणि तिला बघून आले. आले ते पार विरघळूनच. तिचा फोटो मोबाइलमध्ये घालून ते नातीचा दाखवावा तसा दाखवत हिंडू लागले. बँकेच्या रांगेतल्या माणसांनीसुद्धा तो पाहिला आहे. ती पुरती बरी झाली, तिला समुद्रात सोडायचा दिवस ठरला, आम्ही सगळेच जाणार होतो. मामींनी वाटेसाठी दशम्या करून बांधल्यासुद्धा.

आणि आदल्या दिवशी मामा प्रयोगशाळेतून आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले. तिच्यातला विषाणू आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याच विषाणूशी जुळत नव्हता. गाठी गेल्या तरी तो अंगात राहतोच, आणि तिला सोडलं तर इथल्या कासवांना हा नवा आजार लागायची भीती. हे त्या विषाणूत वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्यासमोर मान खाली घालून बसला होता. फोनवर डॉक्टरीणबाई काकुळतीला आल्या होत्या, "सर, अब तो एकदम ठीक है ना? मंडपम् भी लग गया, पूरा ऊरु आने वाला है." ऊरु म्हणजे गाव. एवढ्या गावाला नाही म्हणायचं मामांच्या जिवावर आलं होतं. तरी म्हणाले, "नहीं अम्मा. नक्को छोड़ो." आम्ही त्या दशम्या घरीच खाल्ल्या.

आता मामा दर महिन्याला तिकडे जातात. तिचं खरं पाणी, जिथे तिला सोडता येईल ते, कोणतं हे अजून कळलेलं नाही. ते देशोदेशीच्या अभ्यासकांना विचारत असतात. मागच्या खेपेला मीही गेले होते. ती टाकीच्या भिंतीला घासून पोहत होती, कोपऱ्याशी वळत होती, पुन्हा पोहत होती. मामा काठाशी उकिडवे बसून तिला पालकाची पानं देत होते, आणि ती खात होती. मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत."

"बरोबरच आहे गं," ते पुढचं पान पाण्यात सोडत म्हणाले, "पण ते तिला कसं सांगायचं?"