हिरवा की मातकट

सावाकोआजींचं मिठाईचं दुकान देवळाच्या पायऱ्यांखाली होतं. उमेची, म्हणजे जपानी आलुबुखाराची, झाडं फुलली की उगुइसू पक्षी वर्षातलं पहिलं गाणं गातो. त्याच दिवशी आजी त्याच्या आकाराचे तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे करायला घेत. दोन्ही टोकं चिमटीनं ओढलेली, वर हिरव्या सोयाबीनचं पीठ भुरभुरवलेलं. पहिलं ताट देवाला. दिवस ठरवायचा आजींनीच. एकेचाळीस वर्षं त्यावर कुणी ब्र काढला नव्हता.

यंदा त्या अंगण झाडत होत्या. समोरच्या उमेवर नेहमीचा हिरवा पक्षी फुलात चोच खुपसून बसला होता. तेवढ्यात आवाज आला, "होऽऽ होकेक्यो!" पण घराच्या मागून, बांबूच्या बेटातून. समोरचा तर मध पिण्यात दंग.

आजी केरसुणीसकट मागे धावल्या. जाळीत, गुडघाभर उंचीवर, एक मातकट चिमुकलं पाखरू शेपटी उडवत होतं. त्यानं गळा फुगवला आणि पुन्हा तेच गाणं.

कुंपणापलीकडून निवृत्त वनरक्षक कुनिनोबू म्हणाले, "काय वहिनी, जंगल झाडायला काढलंत?"

"चेष्टा पुरे, भावजी. हा कोण गातोय?"

"उगुइसू. दुसरं कोण?"

"मग तो पुढचा, हिरवा?"

"चष्मेवाला तो! डोळ्याभोवतीचं पांढरं कडं कधी दिसलं नाही? मधाचा लोभी. उगुइसू किडे खातो, दाटीत लपतो. निम्मं गाव फसतं, तुम्ही काय एकट्या!"

"इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"मिठाई गोड लागत होती तुमची."

आजींना हसू आलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात नवऱ्यानं, तामोत्सूंनी, त्यांना याच उमेखाली उभं केलं होतं. "तो बघ, उगुइसू," म्हणून हिरव्याकडे बोट दाखवलं होतं. आजींचं माहेर समुद्रकाठचं, त्यांना काय कळणार? पण तामोत्सू तर या बांबूंतच वाढलेले. ते चुकले होते, की नव्या नवरीला काहीतरी देखणं दाखवायचं म्हणून खोटं बोलले होते? त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता विचारायचं कुणाला?

आजींनी दोन गोळे केले. एकावर हिरवं पीठ, एकावर साधं भाजलेलं. साधा गोळा हुबेहूब त्या पाखरासारखा दिसला. आणि हुबेहूब बारा महिने विकतात त्या गोळ्यासारखाही. दोन्ही त्यांनी तामोत्सूंच्या फोटोसमोर ठेवले.

"अहो, सांगा आता. ठाऊक होतं की नव्हतं?"

फोटो नेहमीसारखाच हसत होता.

देवाचं ताट शेवटी हिरवंच गेलं. संध्याकाळी फोटोपुढचे दोन्ही गोळे कडक झाले, तेव्हा आजींनी ते चहात बुडवून खाल्ले. आधी मातकट, मग हिरवा, मग पुन्हा मातकटाचा उरलेला तुकडा. चवीवरून काहीच ठरेना.