भोईरदादांच्या उपोषणाचा नववा दिवस

बातमी आली तेव्हा मी नौपाड्यात दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसले होते. मांडीवरचा फोन थरथरला म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर आमच्या युनियनच्या ग्रुपवर एकच ओळ होती... ‘भोईरदादा आज दुपारी गेले.’ आणि तिच्याखाली अंगठेच अंगठे. कारण दादांचा नियमच होता, ग्रुपवरचा मेसेज वाचला की अंगठा टाकायचा, नाहीतर ते दुसऱ्या दिवशी गेटवर सगळ्यांसमोर नाव घेऊन आईबापांची चौकशी करायचे. त्यामुळे त्यांच्या मरणाच्या बातमीलाही सगळ्या कारखान्यानं इमानेइतबारे अंगठा दाखवला. तोंडात कापूस होता, म्हणून मला धड हसताही येईना आणि रडताही येईना. डॉक्टर म्हणाले, “दुखतंय का?” मी मान हलवली.

दादा मूळचे दिवा गावचे. हे सगळे टॉवर उभे राहायच्या आधी तिथे भातशेती होती, तेव्हापासूनचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना रबरी सील आणि वॉशर बनवायचा. दादा तिथे प्रेसवर, म्हणजे रबर साच्यात दाबणाऱ्या मशीनवर होते आणि युनियनचे अध्यक्ष होते. मी क्वालिटीत, माल तपासणीला. मी युनियनची चिटणीस कशी झाले, तर मला इंग्रजी लिहिता येतं एवढ्याच गुन्ह्यावरून. मी म्हटलं, “दादा, मला भाषणं जमत नाहीत.” तर म्हणाले, “तुला कोन बोलाला सांगतंय बाय? तू लिवायचं. भांडाला मी हाय.” माणूस असा आडवातिडवा, आवाज असा की प्रेसचा आवाज त्यापुढे लाजावा, आणि खाण्याचं तर विचारूच नका. कँटीनमधला वाढपी दादा आले की पातेलंच त्यांच्या बाजूला सरकवून ठेवायचा. वाटाघाटी सुरू असताना साहेब नमत नाहीत असं दिसलं की दादा घड्याळ बघून सांगायचे, “जेवन करून भांडू.” आणि जेवून आल्यावर दुप्पट भांडायचे. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगते, आजही येतो, पण तो कुणावर काढायचा हा प्रश्न आहे.

आमची मूळ कंपनी इटलीची. तिथल्या एका छोट्या गावात तिचा दुसरा कारखाना होता, आणि तिथल्या युनियनशी आमची महिन्यातून एकदा व्हिडिओवर बैठक व्हायची. कुठे काय पगार, कुठे काय अपघात, कंपनी एका देशात काय कबूल करते आणि दुसऱ्या देशात काय नाकारते, हे सगळं एकमेकांना सांगायचं. तिकडून बोलायची लूचिया, दादांसारखीच प्रेसवर काम करणारी, माझ्या वयाची, तोंडाळ. इकडून दादा. मधे मी दुभाषी, आणि माझं इंग्रजी तिच्या इंग्रजीला जेमतेम ओळखायचं. बैठक दादांच्या घरून असली की हमखास व्यत्यय यायचा. ऐन मुद्द्यावर आतून वहिनी ओरडायच्या, “पानी आला!” की दादा आंतरराष्ट्रीय कामगार चळवळ तशीच टांगून हंडे भरायला पळायचे. लूचिया शांतपणे थांबायची. पुढे पुढे तर बैठक सुरू करतानाच ती विचारायला लागली, पाणी येऊन गेलं का? म्हणजे मग निवांत बोलू.

या लूचियानं आमच्यासाठी केलेलं आम्ही विसरलो नव्हतो. आमच्याकडच्या कंत्राटी बायकांना कंपनीनं एका फटक्यात घरी बसवलं, तेव्हा तिच्या लोकांनी तिकडे मुख्य कचेरीच्या दारात थंडीत उभं राहून आमच्या बायकांची नावं मोठ्यानं वाचली होती. उच्चार भयंकर होते, पण बायका परत कामावर आल्या. आणि आता लूचियाचीच नोकरी गेली. तिच्या प्रेसचं लोखंडी झाकण, ज्याला आपण गार्ड म्हणतो, ते काम भरभर व्हावं म्हणून काढून टाकलं होतं. तिनं मशीन बंद करून सगळ्यांना सांगितलं. कंपनी म्हणाली, गार्ड होतं, बाई खोटं बोलते, आणि तिला काढलं. सुनावणी व्हायची होती. आमच्या सभेत दादा उभे राहिले आणि म्हणाले, “पोरीचा हात वाचला आनि नोकरी गेली. आपन गप बसाचं?” झालं, ठरलं. तिच्यासाठी गेटवर साखळी उपोषण.

आता साखळी उपोषण म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. रोज पाच जण सकाळी मांडवात बसणार, संध्याकाळी लिंबूपाणी पिऊन उठणार, दुसऱ्या दिवशी दुसरे पाच. नावं घ्यायला सुरुवात केली तर काय विचारता! संकष्टीला बसायला गर्दी उसळली. मंगळवारवाले, गुरुवारवाले सगळे आपापला वार धरून हजर. एरवीही उपाशीच, मग तो उपास लूचियाच्या खात्यात गेला तर काय बिघडलं? एका मावशींनी डब्यात साबुदाण्याची खिचडी आणली आणि मला हटकल्यावर उलट मलाच सुनावलं, “देवाला चालते, ती तुमच्या युनियनला का चालत नाही?” यावर कार्यकारिणीत तासभर चर्चा झाली. शेवटी दादांनी निकाल दिला की खिचडी नाय चालणार, पण शेंगदाणे तोंडात असतील तर थुंकायची जबरदस्ती नाय.

दादांची स्वतःची बसायची पाळी अजून आलीच नव्हती. पण अध्यक्ष म्हणून ते रोज मांडवात असायचे, मधोमध, गळ्यात हार, मागे भला मोठा बोर्ड. जेवायची सुट्टी झाली की उठून कँटीनमध्ये, आणि पोट भरलं की परत हारात. बोर्डवर मराठीत आणि लूचियाला वाचता यावं म्हणून खाली इंग्रजीत लिहिलेलं असायचं, उपोषणाचा अमुकावा दिवस. त्याचा फोटो दादा रोज हौसेनं इटलीला पाठवायचे. आता विचार करा. तिकडच्या लोकांना साखळी उपोषण ही भानगडच माहीत नाही. माणूस दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी घरी जाऊन मटण हाणतो, हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की डोंबिवलीत एक हार घातलेला माणूस तिसऱ्या दिवशीही तिथेच आहे, सहाव्या दिवशीही तिथेच आहे, आणि दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटत असल्यामुळे त्याची अवस्था दिवसेंदिवस बिकट दिसते आहे!

नवव्या दिवशी तिकडे भडका उडाला. लूचियाच्या कारखान्यात लोकांनी काम थांबवलं. गावच्या चर्चमध्ये दादांसाठी प्रार्थना झाली. मुख्य कचेरीतून आमच्या एचआरच्या साहेबांना फोन आला, तुमच्या गेटवर माणूस मरतोय आणि तुम्ही काय करताय? साहेब अक्षरशः तोतरे झाले. म्हणे, सर, तो माणूस आत्ता कँटीनमध्ये आहे, तिसऱ्यांदा भात घेतोय. तिकडे कुणाचा विश्वास बसेना. मग साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि कँटीनच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण दाखवलं. नऊ दिवसांची नऊ जेवणं. काय सांगू, बघताना मलाच भूक लागली. साहेब गोड हसत म्हणाले, “भोईर, हे उद्या इटलीला जाणार. सुनावणीच्या आधी.”

बाहेर आलो तेव्हा दादांचा चेहरा उतरला होता. लूचियाकडे दुसरा पुरावा काही नव्हता, फक्त तिचा शब्द होता. तिची इंडियातली माणसं खोटारडी ठरली की तीही खोटी, आणि ती खोटी ठरली की गार्ड काढलंच नव्हतं हेही खरं होऊन बसणार. लोकांनी सल्ले दिले. एक जण म्हणाला, सांगा की कँटीनमधला तुमचा जुळा भाऊ आहे. दादा म्हणाले, “मी आजपासून खरा बसतंय. मरेपर्यंत.” मी भडकले. म्हटलं, “आणि मागचे नऊ दिवस कसे खरे करणार? उलट्या करून?” दादांनी खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला आणि ते म्हणाले, “साहेबाच्या आधी आपनच सांगू. लाव फोन.”

फोन लागला. लूचिया रडून सुजलेली. दादांनी एकच वाक्य सांगितलं, “मी रोज जेवलंय.” मी त्याचं इंग्रजी केलं आणि जीव मुठीत धरून बसले. मग साखळी म्हणजे काय, पाच जण कोण, संध्याकाळचं लिंबूपाणी कसलं, सगळं सांगितलं. मग लूचियानं मागे वळून हाक मारली आणि पडद्यावर तिची आई आली. वाळकी, काळ्या कपड्यातली म्हातारी. लूचिया म्हणाली, हिनं नऊ दिवस रात्रीचं जेवण सोडलंय. म्हणते, तो तिकडे उपाशी असताना माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?

दादा ताडकन उभे राहिले. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. “म्हातारी उपाशी? माझ्यापायी? आधी वाढा तिला!” ते इटलीवर ओरडले. म्हातारी म्हणाली, आधी त्यानं माझ्यासमोर जेवावं, मला खात्री नाही. दादा म्हणाले, आधी तिनं. ती म्हणाली, आधी त्यानं. शेवटी कँटीनमधून ताट आलं, तिकडे सूप आलं, आणि मी “एक, दोन, तीन” म्हटल्यावर दोघांनी एकदम घास घेतला. मांडवातले आमचे पाच जण उपाशीपोटी टाळ्या वाजवत होते. म्हातारी हातानं खुणा करून दादांना आणखी घ्यायला लावत होती, आणि दादा, ज्यांना आयुष्यात कधी आग्रह करावा लागला नाही, ते डोळे पुसत पुसत घेत होते.

फोनवरच्या या जेवणाचं चित्रण लूचियानं करून ठेवलं होतं, तेच घेऊन ती सुनावणीला गेली. साहेबांचं कँटीनच्या कॅमेऱ्यातलं येण्याआधीच तिनं सांगून टाकलं, हा माणूस जेवतो, त्यानंच मला सांगितलं, आमच्यात कुणी खोटं बोलत नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या कारखान्यात रोज पाच जण जेवण सोडून दारात बसायला लागले. कंपनी हादरली ती यानं. मरायला टेकलेल्या माणसाची वाट बघता येते हो, पण रोज घरी जाऊन झोपून, जेवून, ताजातवाना होऊन येणाऱ्याचं काय करणार? हे संपणार कधी तेच त्यांना कळेना. गार्ड परत बसलं आणि लूचियाही परत आली.

तेव्हापासून म्हातारीनं एक मराठी शब्द पाठ केला होता. लूचियाचा फोन कुठल्याही कामाचा असो, मागून आवाज यायचा, “जेवला?” आणि दादा हो म्हणेपर्यंत ती हलायची नाही.

दादांच्या दहाव्याला आम्ही सगळे दिव्याला खाडीकाठी जमलो होतो. लूचियाला मी आधीच कळवलं होतं, तिलाही यात उभं राहायचं होतं, म्हणून मी फोन लावून धरला होता. तिकडे पहाट होती. पिंडाशेजारी वहिनींनी तांदळाची भाकरी ठेवली. आता कावळा कधी शिवतो, दादांचं काय काय राहिलंय, कुणी काय वचन द्यायचं अशी कुजबुज सुरू झाली, तोवर भटजींचा हात मागे यायच्या आत कावळ्यानं झडपच घातली. पाठोपाठ दुसरा, तिसरा. पानात शीत उरलं नाही. वहिनीच आधी हसल्या, मग सगळा काठ हसला. तेवढ्यात फोनमध्ये लूचियाच्या मागे म्हातारी येऊन उभी राहिलेली दिसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. लूचियाचा चेहरा पांढरा पडला. म्हातारीनं चष्मा सावरला, गर्दीत दादांना शोधलं आणि विचारलं,

“जेवला?”

मी रिकाम्या पानाकडे बघितलं. म्हटलं, “हो आई. जेवला. पोटभर.”

ती समाधानानं मान हलवून आत गेली. मग मी फोन वहिनींच्या हातात दिला आणि पाण्याकडे तोंड करून मनसोक्त रडले.