सुपारी फुटायच्या आधी

आठवीच्या सुट्टीत आमच्या शिरूरच्या घरी एका दिवसासाठी व्हीसीडी प्लेअर भाड्यानं आणला आणि गल्लीतल्या आम्ही सगळ्या पोरी हिंदीत बोलणारी परदेशी राजकन्या बघायला दाटीवाटीनं बसलो. शापामुळं ती झोपलेली. राजपुत्र आला, त्यानं तिचा मुका घेतला, ती जागी झाली आणि लगेच लग्नाचे बाजे वाजले. आम्ही लाजून एकमेकींना चिमटे काढले. माझी थोरली बहीण, आक्का, तेवढी हसली नाही. ती कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, नुकतीच सकाळची पहिली शिफ्ट करून आली होती. म्हणाली, "सगळा गाव जागा, आन् जिचं लगीन तीच झोपलेली." मला तिचा रागच आला. एवढ्या छान सिनेमाची तिनं माती केली होती.

त्याच महिन्यात एका दुपारी वडगाव रासाईहून पाहुणे आले. मुलगा नव्हताच, त्याचे वडील, चुलते आणि मध्यस्थी करणारे आमचे मामा. पहाटे चारला उठून कामावर गेलेली आक्का परत येऊन आतल्या खोलीत गाढ झोपली होती. चहा झाला, मानपानाचं ठरलं आणि आप्पा, म्हणजे आमचे वडील, सुपारी फोडून टाकू म्हणाले. सुपारी फुटली की शब्द दिला, मग माघार नाही. मला बत्ता आणायला आत पाठवलं.

बत्ता फळीवरच होता. मी त्याला हात लावला नाही. आक्काला गदागदा हलवून सांगितलं, बाहेर तुझं लग्न ठरतंय. मार बसणार हे मला माहीत होतं. त्या आठवीतल्या पोरीचं मला आजही कौतुक वाटतं.

गालावर उशीचे वळ तसेच घेऊन आक्का बाहेर गेली. तिनं आवाज चढवला नाही.

"आप्पा, सुपारी राहू द्या. रविवारी मला सुट्टी हाय. त्यांच्या मुलाला यायला सांगा, मी बोलते, मग काय ते सांगते."

आप्पांचं तोंड उतरलं, पण पाहुण्यांसमोर त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. मला मात्र नंतर दोन धपाटे बसले.

रविवारी मुलगा आला. दोघं ओट्यावर तासभर बोलली. नोकरी सोडणार नाही, हे आक्कानं आधीच सांगून टाकलं. आठ दिवसांनी कळवते म्हणाली, आणि त्यानं घाई केली नाही.

पुढं तिनं त्याच्याशीच लग्न केलं. नातेवाईक अजून टोमणे मारतात, एवढा तमाशा करून शेवटी त्याच घरात गेली ना! गेली, स्वतःच्या पायांनी गेली. हल्लीच्या सिनेमांतल्या राजकन्या राजपुत्राला तोंडावर नाही म्हणतात, माझी मुलगी टाळ्या वाजवते, मीही वाजवते. पण हो म्हणायलाही तेवढीच मोकळीक लागते, हे मी आमच्या घरात पाहिलंय.

त्या रविवारनंतर आठव्या दिवशी आप्पांनी मला न्हाणीपाशी गाठून हळूच विचारलं, ती काय म्हणते. मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, तुम्हीच विचारा तिला.

आप्पा थोडा वेळ तिथंच घुटमळले. मग आत गेले, आक्कासमोर खाली बसले आणि म्हणाले, "पोरी, तुझं काय म्हणणं हाय?"