मासोळीचं तोंड पाण्याकडे

आमच्या भोजनालयात भांडी घासायला येणाऱ्या बाईनं ती मासोळी वाचवली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट सांगितली त्यांनी ती शेजारच्या पंक्चरवाल्या भाऊच्या नावावर टाकली, काहींनी तर माझ्याही. भाऊनं मदत केली, खोटं कशाला बोलू. पण डोकं बाईचं होतं. बाई एटापल्लीच्याही पलीकडच्या जंगलातल्या गावची. घरी गोंडी बोलायची, आमच्याशी मोजकं मराठी. त्या दिवशी तिनं तोंड उघडायच्या आधी मी आणि भाऊ अर्धा तास नुसते ओरडत होतो.

मी जिवतीच्या डोंगरावरची. आठवीनंतर शाळा सुटली, आणि गडचिरोलीला बस स्टँडजवळच्या या भोजनालयात पोळ्या लाटायला आले. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. गल्ल्याच्या बाजूला त्यांनी माशांची मोठी काचेची टाकी ठेवलेली. पहिल्या दिवशी ती पाहिली तेव्हा मी मासे पाहिलेच नाहीत, पाणी पाहिलं. मनातल्या मनात गुंड मोजले, डोक्यावरून पाणी आणायचे घडे. एवढं पाणी आमच्या विहिरीवरून आणायचं तर माझी आणि आईची अख्खी सकाळ गेली असती. आणि इथं ते नुसतं बघायला ठेवलं होतं!

टाकीत बारक्या मासोळ्या पुष्कळ होत्या, पण काकूंचा जीव एकीवर. केशरी रंगाची, बोटाएवढी, झिरझिरीत शेपटीची. काकूंनी बोट पाण्यात घातलं की ती येऊन चाटायची. काकू नागपूरला ऑपरेशनसाठी गेल्या तेव्हा किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ कमीजास्त झालं त चालंल पोरी, माझ्या मासोळीले जप." तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी मासोळी दाखवायची, मग गल्ल्याचं बोलायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळीच त्यांनी निरोप दिला होता: आज तिला नीट जवळून दाखव, उद्या मला बोलता येणार नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली.

टाकीच्या कोपऱ्यात एक उभा पाइप आहे. पाणी जास्त झालं की त्याच्या वरच्या तोंडातून खालच्या कपाटात उतरतं. खाली पाइपाला पाणी कमीजास्त करायची चावी आहे. तिथं दुसरी लहान टाकी, तिच्यात स्पंज. पाणी गाळून निघतं आणि मोटर ते परत वर टाकते. पाइपच्या तोंडावर जाळीची टोपी असते. तिला शेवाळ धरलं होतं म्हणून मी ती काढून मगात भिजत घातली. एवढ्यात नळ आला.

नळ आला की माझं डोकं चालत नाही, हात चालतात. आमच्या डोंगरावर असंच आहे, पाणी दिसलं की जे रिकामं दिसेल ते भरायचं, विचार मागाहून. मी ड्रम भरले, माठ भरले, पातेली भरली. काचेची टाकी दोन बोटं रिकामी दिसली, तर तिच्यातही अख्खी बादली ओतली. भसकन! पाणी भोवरा घेत त्या उघड्या पाइपात गेलं. खालून गुडगुड आवाज आला, मग आवाज बंद. मी काचेजवळ वाकले. बारक्या मासोळ्या सगळ्या होत्या. केशरी नव्हती.

तीन वाजून गेले होते. मोटर बंद केली आणि धावत भाऊला बोलावून आणलं. भाऊ आला तो हातात आरी आणि सायकलचा स्पोक घेऊनच.

"हटा ताई. दोन मिनिटाचं काम हाय."

"भाऊ, आरीनं ती कापली जाईल ना!"

"मंग वरून तार टाकतो. आकडा करून ओढतो."

"आकडा तिच्या डोळ्यात गेला म्हंजे?"

"मंग खालची चावी पुरी खोलतो, पडंल खाली बदकन."

"आन् चावीत फसली असंल त?"

"तुमीच सांगा मंग काय करू! मी टायर पाह्यतो, मासोळ्या नाई!"

तो ओरडत होता, मी रडत होते आणि ओरडतही होते. मला सारखं दिसत होतं, चार वाजलेत, फोन वाजतोय, काकूंचा चेहरा समोर. मग उद्या त्या ऑपरेशनला कोणत्या जिवानं जातील? आणि परवा मी जिवतीच्या बसमध्ये, पिशवी मांडीवर.

बाई परसातून हात पुसत आली. कोणाला काही न विचारता कपाटासमोर बसली आणि पाइपाला तळवा लावून डोळे मिटले.

"हाय," ती म्हणाली. "जित्ती हाय. फडफड लागते."

"कुठी?" भाऊ वाकला.

"चावीजवळ. शेपटी चावीत असंल. फिरवू नोको."

"शेपटीच हाय, तोंड नाई, हे तुले कसं मालूम?"

बाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं भात कशाचा होतो तेच विचारलं. "मासोळी पाण्याकडं तोंड करून राह्यते. पाणी ओढते तशी मागं मागं जाते. तिचं तोंड वरतीच हाय. तू वरून तार टाकशील त तोंडातच जाईल."

भाऊनं स्पोक खिशात घातला.

"धानाच्या बांधीतलं पाणी नाल्यात पडते," बाई मला म्हणाली, "तिथी मासोळ्या चढतात. वरून पाणी लागलं की तिले समजते, रस्ता तिकडं हाय. येर पाह्यजे, बारीक, थंडं. मंग मासोळी आपली आपण येते." येर म्हणजे पाणी, एवढं गोंडी मला तोवर कळायला लागलं होतं.

मग बाईनं कामं वाटून दिली. मी कपाटात शिरायचं आणि पाइपाचं खालचं तोंड तळव्यानं घट्ट दाबून धरायचं. मी आडवी होऊन शिरले. गुडघे हनुवटीला, पाठीला मोटर टोचतेय, नाकात शेवाळाचा वास. बाईनं वरून तांब्यानं हळूहळू पाणी सोडून पाइप भरला. तळव्यावर भार आला, बोटांच्या फटीतून पिचकाऱ्या माझ्या तोंडावर उडाल्या.

"सोडू नोको पोरी."

"नाई सोडत, बाई!"

मला दिसत काहीच नव्हतं, पुढचं सगळं ऐकूनच कळलं. बाईनं पळसाच्या पानाचा द्रोण घेतला, त्याच्या बुडाला नखानं भोक पाडलं, माठातलं थंड पाणी त्यात ओतलं आणि द्रोण पाइपावर धरला. बारीक धार. टिरटिरटिर असा आवाज. एक द्रोण झाला. दुसरा झाला.

फोन वाजला.

"उचलू नका!" मी कपाटातून ओरडले. पण भाऊनं तोवर उचलला होता.

"रामराम काकू! तब्येत कशी हाय?"

"तू काऊन उचलला? पोरगी कुठी गेली?"

"कपाटात हाय."

"कपाटात?"

"साफसफाई सुरू हाय जी."

"माझी मासोळी दाखव."

"झोपली हाय, काकू."

"मासोळीले पापण्या असतात का रे? दाखव म्हणते ना!"

तेवढ्यात माझ्या तळव्याला पाण्यातून एक झटका लागला. एकच. मेली की सुटली? मी हात आणखी दाबला. खांदा भरून आला होता, पण हात दाबूनच धरला. वर टिरटिर चालूच होती. मग टप्प!

"निंगाली!" भाऊ एवढ्यानं ओरडला की रस्त्यावरचे ऑटोवाले आत आले. "निंगाली, निंगाली, निंगाली!"

"काय निंगालं?" फोनमधून काकू.

मी कपाटातून निघताना डोकं आपटलं, ओल्या फरशीवर घसरले, आणि पाहिलं तर ती टाकीच्या मधोमध उभी, कल्ले जोरजोरात हालत होते. शेपटीचा एक पदर फाटला होता. बाकी सगळी होती. भाऊनं फोन काचेला लावला. काकूंनी चष्मा चढवला.

"शेपटी काऊन फाटली?"

खोटं बोलायची सोय होती, भाऊ डोळ्यांनी खुणावतही होता. पण बाई माझ्याकडं बघत होती. मी सगळं सांगितलं, टोपी, नळ, बादली, आणि ओल्या ओढणीनं तोंड पुसत उभी राहिले.

"पोरी," काकू म्हणाल्या, "जाळी बसवली का?"

नव्हती बसवली! मगात तशीच भिजत होती. मी धावले, तशा काकू हसायला लागल्या, हसता हसता पोट धरलं, मागून कोणीतरी नर्स त्यांना रागावली. बाईला त्या काही म्हणणार तर बाई तोवर परसात गेली होती. तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तर म्हणाली, "एवढ्याशा मासोळीसाठी एवढं! आमच्याकडं कोणी चुलीवर बी नाई ठेवत." आणि स्वतःच गालात हसली.

काकू बऱ्या होऊन आल्या. मासोळी अजून बोट चाटते. मी अजून इथंच आहे. बाई मात्र सून बाळंत झाली तेव्हा गावी गेली, ती परत आली नाही. तिच्या गावाकडून येणारे सांगतात की नाल्याचं पाणी ती अजून डोक्यावरून आणते, चढ आहे, आणि आता गुडघे दुखतात.

ते ऐकल्यापासून माझं ठरलं आहे. मला मासोळ्यांचं काही कळत नाही, पण पाणी भरणं मला लहानपणापासून येतं. सुट्टी मिळाली की एटापल्लीची बस धरीन, पुढं विचारत विचारत जाईन. बाई, त्या दिवशी तू नाल्यावर जाऊ नको. दारात बस, नातवंड मांडीवर घे. तुझ्या घरचे गुंड, माठ, हंडे, जे रिकामं दिसेल ते मी काठोकाठ भरीन.