हरणांचा हरभरा आणि वसंताचं मचाण

द्वारका चौकात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. हंगाम संपला की गोण्या उचलल्या जातात आणि खाली सांडलेलं बी उरतं. हरभऱ्यात मूग, मुगात मका, मक्यात कुणाच्या तरी शर्टाचं बटण. मी ते झाडून एका डब्यात भरून ठेवतो. फेकवत नाही आणि विकताही येत नाही. आमच्या मचाणाचे किस्से असेच साठलेत. कुणी चहाला बसलं की डबा उघडायचा, एवढंच.

मंडळी मोजकीच. शेजारच्या फोटो स्टुडिओचा मालक वसंता. देवळाली कॅम्पात राहणारे, तोफखान्यातून रिटायर झालेले सुभेदार. हे रोज बसने येऊन माझ्या दुकानातल्या एकाच गोणीवर बसायचे आणि त्यामुळे ती गोणी मला कधी विकता आली नाही. आणि येवल्याच्या पलीकडे माळाला लागून शेती असलेले दगूतात्या, माझे जुने गिऱ्हाईक.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पावसाळा सरत आला होता. तात्या हरभऱ्याचं बी न्यायला आले आणि म्हणाले, जास्तीचं द्या, अर्धं हरणं खातात. माळावर काळविटांचा कळप होता. कोंब वर आले रे आले की हजर. शिकारीला कायद्याने बंदी, आणि नसती तरी तात्यांनी हरणावर हात उचलला नसता. त्यांच्या घरात तसं कुणी कधी केलं नव्हतं.

सुभेदार गोणीवरून म्हणाले, "शत्रूला दुसरीकडे गुंतवा."

म्हणजे माळाच्या कडेला अर्धा एकर खास हरणांसाठी पेरायचं. ती तिथेच जेवतील, विहिरीजवळचा हरभरा वाचेल. तात्यांना पटलं. वसंता पासपोर्ट फोटोची पाकिटं चिकटवत सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "तिथं मला एक मचाण बांधून द्या."

वसंताचं दुखणं आम्हाला माहीत होतं. त्याच्या स्टुडिओच्या काचेत वधू-वर होते, बाळं होती, पदवीचा झगा घातलेले पदवीधर होते, आणि बरोब्बर मध्ये एक रिकामी फ्रेम होती. कुणी विचारलं तर तो सांगायचा, बुक आहे. एकदा चहा पिताना तो मला म्हणाला होता, "आयुष्यभर लोक मी सांगितलं तसे उभे राहिले. एकदा तरी आपल्या मनानं उभं राहिलेलं कुणी टिपायचंय मला." त्या फ्रेममध्ये काळवीट यायचं होतं.

*

बी मी दिलं. निवडक हरभरा, थोडी लसूणघास, कडेने चाऱ्यासाठी कडवळाची ज्वारी. तात्यांनी इतकं मन लावून पेरलं की त्यांच्या स्वतःच्या शेतात तशा सरळ ओळी मी पाहिल्या नाहीत. आठ-दहा दिवसांनी आम्ही गेलो तर शेत हिरवंगार होतं आणि त्याच्या मधोमध मडक्याच्या डोक्याचं, सदरा घातलेलं बुजगावणं उभं होतं.

मी विचारलं, तात्या, हे कशाला?

"पेरलं म्हंजे बुजगावणं आलंच की," तात्या म्हणाले. "त्याच्याबिगर शेत नागडं दिसतं."

समजूत घालून बुजगावणं काढलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच हरणं आली. तात्यांनी ती पाहिली, चुळीचं पाणी थुंकलं, खुंटीवरची गोफण काढली आणि कळप पार टेकडीपलीकडे घालवून आले. घरी येऊन बसल्यावर त्यांना आठवण झाली. जन्मभराची सवय, म्हणाले, उद्या नाही गोफण फिरवणार. दुसऱ्या दिवशीही फिरवली. शेवटी काकूंनी गोफण धान्याच्या कणगीत लपवली, तेव्हा पाहुण्यांना पहिला घास मिळाला.

*

मचाणाची जागा ठरवायचं काम सुभेदारांनी कुणालाही न विचारता स्वतःकडे घेतलं. माती चिमटीतून सोडून वारा बघितला. सूर्य पाठीशी हवा, वारा तोंडावर हवा, समोर मोकळं मैदान हवं. सगळे नियम पाळून त्यांनी एक उंचवटा पसंत केला. तिथून चारही दिशा दिसत होत्या, दूरची रेल्वेलाइन दिसत होती, आणि नीट पाहिलं तर हरणांसाठी पेरलेला हिरवा ठिपकासुद्धा दिसत होता.

वसंता म्हणाला, "सुभेदार, इथून हरिण मुंगीएवढं दिसेल."

"तोफेला हे अंतर जवळच आहे," सुभेदार म्हणाले.

कॅमेऱ्याची लेन्स तेवढी लांब मारा करत नाही हे त्यांना पटवण्यात दुपार गेली. शेताला लागून एकच जाणतं कडुनिंबाचं झाड होतं, तात्यांच्या कडब्याच्या गंजीसमोर. पण तिथं बसलं की सकाळचा सूर्य डोळ्यांवर आणि वारा पाठीवर. सुभेदारांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि झाडाची जागा चुकली आहे असा शेरा दिला. मग त्याच झाडावर मचाण बांधलं. दोर मात्र त्यांनी असे आवळले की आजही ते सुटलेले नाहीत.

*

हरणांच्या आधी शेरडं आली. गावातल्या गोदाक्का आपली शेरडं घेऊन थेट शेतात शिरल्या. मचाणावरून वसंता ओरडला, "ओ बाई, हे हरणांसाठी आहे."

गोदाक्कांनी वर पाहिलं. झाडावरचा माणूस त्यांना नवीन होता. "हरणाला पेरलं," त्या म्हणाल्या, "मंग माझ्या शेरडानी काय पाप केलं?"

पण वसंता दर रविवारी मचाणावर बसायचा आणि शेरडं दिसली की ओरडायचा. त्याचा आवाज स्टुडिओत कमावलेला, लग्नाच्या वऱ्हाडाला एका रांगेत उभं करणारा. हळूहळू गोदाक्का नुसती त्याची टोपी झाडात दिसली तरी वाट बदलू लागल्या. बाकीच्या दिवशी मात्र हरणांचं निम्मं जेवण शेरडांच्या पोटात जायचं. राहिलेलं संपलं की हरणं तात्यांच्या हरभऱ्यावर यायची, आणि तात्या काकूंना गोफण कुठं आहे ते विचारायचे.

*

आता खरी अडचण सांगतो. वसंताला स्थिर बसता येत नव्हतं.

ज्या माणसाने वीस वर्षं दुसऱ्यांना "हलू नका" म्हटलं, त्याला स्वतः न हलण्याची वेळच आली नव्हती. मचाणावर बसला की आधी पाय झोपायचा, मग पाठ खाजायची, मग लेन्स पुसायची आठवण यायची. मचाण करकरलं की कळप मान वर करायचा आणि निघून जायचा. त्याच्याकडे हरणांच्या पाठमोऱ्या फोटोंचा मोठा संग्रह झाला.

एकदा मात्र जमलं. थंडीची सकाळ, मी त्याच्या शेजारी श्वास रोखून बसलेलो. एक काळवीट एकटं आलं. काळी पाठ, पांढरं पोट, पिळाची शिंगं. अगदी समोर थांबलं आणि हरभऱ्यात तोंड घातलं. वसंताने कॅमेरा लावला, एक डोळा मिटला आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "हनुवटी जरा वर."

काळविटाने हनुवटी वर केली. पुढच्या क्षणी समोर फक्त हरभरा होता.

परतताना निफाडला तो म्हणाला, "तोंडातून निघून गेलं रे." मला हसू येत होतं आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

*

मग वनरक्षक आले. माळावर चारा पेरलाय, झाडावर मचाण आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो. त्यांनी शेत पाहिलं, मचाण पाहिलं, मग सुभेदारांच्या मिशा पाहिल्या.

"शिकारीचं सगळं सामान दिसतंय," ते म्हणाले. "बंदूक कुठाय?"

सुभेदार म्हणाले, "बंदुकीचा मला अनुभव नाही. मी तोफेवर होतो. ती या झाडावर चढत नाही."

वनरक्षकांनी मचाणावर चढून पिशव्या तपासल्या. चकल्या निघाल्या, लेन्स निघाली, वसंताचं कार्ड निघालं. कार्ड वाचून त्यांचा चेहरा बदलला. ओळखपत्रासाठी पासपोर्ट फोटो द्यायचे राहिले होते, आणि गावात फोटोवाला नव्हता. वसंताने त्यांना शेताकडे पाठ करून उभं केलं, टोपी सरळ केली, हनुवटी वर करायला लावली आणि फोटो काढला.

रोल धुतला तेव्हा वनरक्षकांच्या डाव्या कानामागे, थोड्या अंतरावर, आख्खं काळवीट आलेलं होतं. उभं, निवांत, कॅमेऱ्याकडे बघत. आम्ही तिघंही त्यांच्या हनुवटीकडे बघत होतो आणि ते तिथं येऊन गेलं होतं. फक्त पुसट होतं, कारण फोकस कानावर होता.

वनरक्षकांनी फोटो परत पाठवला. सोबत निरोप होता की मागचं जनावर ऑफिसात चालणार नाही, काढून द्यावं.

*

अशी काही वर्षं गेली. दोन हजार साल उलटल्यावर द्वारकेचा रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि त्यात वसंताचा स्टुडिओ जाणार होता. माझं दुकान चार पावलं मागं, म्हणून वाचलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. वसंता आवराआवरीत अडकला. त्या थंडीत तो एकदाही मचाणावर गेला नाही. काचेतल्या वधू-वरांना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलं. रिकामी फ्रेम शेवटी काढली आणि बराच वेळ तशीच हातात धरून उभा राहिला.

"नव्या गाळ्यात काचच नाही," तो म्हणाला. "ही तू घेऊन जा."

मला फार वाईट वाटलं. मी फ्रेम घेतली नाही. म्हटलं, गाळ्याला काच मी बसवून देतो, पण ही तुझ्याकडेच राहू दे.

त्याच आठवड्यात वसुलीच्या निमित्ताने मी तात्यांकडे गेलो. लांबूनच पाहिलं तर वसंता मचाणावर बसलेला. ढीगभर खिशांचं जाकीट, कानटोपी, तोंडापुढे कॅमेरा. आणि झाडाच्या अगदी बुंध्याशी काळविटांचा कळप चरत होता. मी धावत गेलो नाही, पण मनातून शिव्या दिल्या, की मला न सांगता आला.

तात्यांनी मला गंजीमागे ओढलं. जाकीट आणि टोपी वसंता गेल्या थंडीत मचाणावर विसरला होता. तात्यांनी त्यात भुसा भरला होता. कॅमेरा म्हणजे तुपाचा रिकामा डबा.

"गोदाक्कासाठी बसवला," तात्या म्हणाले. "फोटोवाले येईनात, शेरडं रोज यायला लागली. आता कुनी येत नाय. हरनं लय खूश हायेत, माझ्या हरभऱ्याकडं बघत बी नायत."

मी दुसऱ्या दिवशी वसंताला जवळजवळ उचलून आणलं. पहाटे आम्ही गंजीजवळ पोचलो. वसंताने झाडाकडे पाहिलं आणि स्वतःला वर बसलेलं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तात्या, याला उतरवून मी बसू का?"

"त्याला हात लावू नका," तात्या म्हणाले. "त्याच्यावर हरनांचा भरवसा हाय."

तेव्हा वसंता आमच्यासोबत कडब्यामागे मातीतच बसला. तात्यांनी त्याच्या शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं. सूर्य पाठीशी होता आणि वारा तोंडावर. सुभेदारांच्या एकूण एक नियमात बसणारी जागा ही होती, आणि इतकी वर्षं आम्ही तिथं चहा प्यायला बसत होतो.

हरणं आली. वसंता एक शब्द बोलला नाही.

*

नव्या गाळ्याला मी काच बसवून दिली. मध्यभागी ती फ्रेम आहे. खाली कडुनिंबाच्या बुंध्याशी काळवीट उभं आहे, हनुवटी वर, आपल्या मनानं. वर मचाणावर जाकीट घातलेला वसंता तोंडापुढे कॅमेरा धरून भलतीकडेच बघतोय.

परवा ते वनरक्षक आले होते. बढती झाली होती, नवं ओळखपत्र हवं होतं. स्टुलावर बसण्याआधी काचेपुढे बराच वेळ उभे राहिले.

"झाड ओळखलं," ते म्हणाले. "वर तुम्हीच की."

"हो," वसंता म्हणाला.

"मग फोटो कुणी काढला?"

"मीच," वसंता म्हणाला, आणि त्याने दोन बोटांनी त्यांची हनुवटी जरा वर केली.